छातीत पाणी, छातीत पू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांतल्या पेशंट-नातेवाइकांसाठी हे पान आहे. गडहिंग्लज, आजरा, गारगोटी, शाहूवाडी, पलीकडून निपाणी, सगळीकडून माणसं पिशवीत एक्स-रे घेऊन येतात. फाइलवर ‘एम्पायमा’ (म्हणजे छातीत पू) असं काहीतरी खरडलेलं असतं. ओपीडीतल्या दहा मिनिटांत ते नीट समजावून सांगणं जमत नाही, म्हणून इथं सवडीनं लिहिलंय. हे वाचून स्वतःच्या मनानं औषध सुरू किंवा बंद करू नका. आणि ताप कधी आला, पाणी कधी दिसलं, त्या तारखा एका कागदावर लिहून ठेवा. या आजाराचा उपचार लहान होणार की मोठा, हे बऱ्याच अंशी त्या तारखाच ठरवतात.

निमोनिया झाला होता. आता म्हणतात छातीत पू झालाय. फुप्फुसातला पू बाहेर कसा आला?

फुप्फुसावर एक पातळ आवरण असतं आणि बरगड्यांना आतल्या बाजूनं तसंच दुसरं. दोन्ही एकमेकांना जवळपास चिकटूनच असतात. मधली जागा नावापुरती, त्यात जेमतेम १०-२० मिली द्रव, श्वास घेताना आवरणं घासू नयेत एवढ्यासाठी. निमोनियाची सूज या आवरणापर्यंत पोचली की तिथं पाणी झिरपायला लागतं. निमोनियाच्या बऱ्याच पेशंटमध्ये असं थोडं पाणी होतं आणि अँटिबायोटिकनं ते आपोआप जिरतं. काहींच्या बाबतीत मात्र त्या पाण्यात जंतू शिरतात, आणि तिथून पुढं गोष्ट बदलते.

आपल्याकडं गुऱ्हाळ पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळतं. सुरुवातीचं पाणी उसाच्या रसासारखं असतं, सुईनं ओढलं की येतं. काही दिवसांत त्यात धागे धरतात, कप्पे पडतात आणि त्याची काकवी होते. मग नळी टाकली तरी एका कप्प्यातलं येतं आणि बाकीचं आतच राहतं. आणखी दोन-तीन आठवडे गेले की ढेप. फुप्फुसाभोवती जाड कवच धरतं, फुप्फुस त्यात आवळलं जातं, आणि ते कवच सोलून काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. कोणाचा रस किती दिवसांत आटेल याचं वेळापत्रक नसतं. डायबेटिस असलेल्या माणसात सहा-सात दिवसांतच कप्पे पडलेले सापडतात.

दुखायचं थांबलंय, मग बरं होत आलंय ना?

याच समजुतीनं पुष्कळ जण घरी थांबतात. सुरुवातीला खोल श्वास घेतला, खोकलं, शिंकलं की बरगडीत जी कळ येते, ती सुजलेली आवरणं एकमेकांवर घासल्यामुळं येते. मध्ये पाणी भरलं की ती एकमेकांपासून दूर होतात आणि कळ कमी होते. म्हणजे दुखणं थांबलं, पण ताप तसाच आहे, दम वाढतोय, भूक मेली आहे, रात्री घामानं बनियन भिजतोय, तर पाणी वाढलंय असंच धरून चाला.

निमोनियाच्या पेशंटला योग्य औषध सुरू होऊन तीन दिवस झाले तरी ताप उतरेना, तर छातीचा फोटो पुन्हा काढायला हवा. ‘आधीचा फोटो आहे की’ हे उत्तर तिथं चालत नाही.

वयस्कर माणसात चित्र वेगळं असतं. ताप असेलच असं नाही. आबा आठवडाभर जेवत नाहीत, वजन उतरलंय, थोडं असंबद्ध बोलतात, एवढंच घरच्यांना दिसतं. दातांची दुरवस्था, मिश्री, दारू, आधी कधीतरी आलेली फिट, अशी पार्श्वभूमी असेल तर पू महिनाभर गुपचूप साठत राहतो.

कोणाला हा धोका जास्त?

डायबेटिस ताब्यात नसलेले, रोज दारू पिणारे, दात किडलेले, किडनीचे, बरेच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या खाणारे, पॅरालिसिसमुळं गिळताना ठसका लागणारे. शिवाय ज्यांच्या छातीला मार लागून आत रक्त साठलंय असे लोक. दुचाकीवरून पडलेल्यांच्या बाबतीत हे विसरलं जातं.

शिरोली, उद्यमनगरच्या फाउंड्रीत वर्षानुवर्षं वाळूच्या धुळीत काम केलेल्यांचा मुद्दा निराळा आहे. सिलिकाची धूळ फुप्फुसात बसली की टीबीचा धोका वाढतो. अशा माणसानं कोणतं काम किती वर्षं केलं ते डॉक्टरांना आपणहून सांगावं. विचारतीलच असं नाही.

फोटोत पांढरं दिसतंय. एवढ्यावरून कळत नाही का?

पांढरं म्हणजे पाणी, पू, रक्त, दबलेलं फुप्फुस किंवा गाठ, यांपैकी काहीही असू शकतं. उभ्यानं काढलेल्या समोरच्या फोटोत पाणी दिसायला ते साधारण २०० मिली व्हावं लागतं. छातीची सोनोग्राफी त्याहून फार थोडं पाणी पकडते. पाणी सुटं आहे की जाळी धरलीय, कप्पे किती, सुई कुठून घालायची, हे सगळं त्यात दिसतं. माझ्या मते या आजारात पैशाच्या मानानं सर्वात जास्त माहिती देणारी तपासणी हीच, आणि सोनोग्राफी पोटाची असते असं समजून लोक तीच टाळतात.

सीटी स्कॅन प्रत्येकाला लागत नाही. नळी टाकूनही सुधारणा नाही, ऑपरेशनचा विचार चाललाय, आत गाठ असल्याची किंवा अन्ननलिका फाटल्याची शंका आहे, अशा वेळी तो कामाचा. शिरेतून औषध देऊन काढतात, म्हणून आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघतात. ‘थेट सीटीच करा ओ’ असा आग्रह नातेवाईक धरतात, पण सीटी कितीही झकास निघाला तरी आतल्या पाण्यात कोणता जंतू आहे ते तो सांगत नाही. त्यासाठी सुईच लागते.

सुईनं पाणी काढलं की त्याची सवय लागते आणि ते पुन्हा पुन्हा होतं, हे खरं का?

नाही. पाणी पुन्हा होतं ते मूळ आजार आत जिवंत असतो म्हणून. ज्याचं पाणी पुन्हा झालं तो गावाला आठवतो, एकदा काढून बरा झालेला कोणाला आठवत नाही, म्हणून ही समजूत टिकून आहे. तिच्यापायी रसाच्या अवस्थेतले पेशंट ढेपेच्या अवस्थेत आमच्याकडं पोचतात.

प्रक्रिया साधी आहे. पेशंटला बसवून, सोनोग्राफीत जागा बघून, कातडी आणि बरगडीमधला भाग बधिर करून सुई घालतात. तपासणीपुरतं ५०-६० मिली पुरतं. दम कमी करण्यासाठी जास्त काढायचं असेल तरी एका वेळी साधारण एक ते दीड लिटरपर्यंतच थांबतात, कारण दबलेलं फुप्फुस झटक्यात उघडलं तर त्यालाच सूज येऊ शकते. काढताना जोराचा खोकला आला, छाती आवळली, तर लगेच सांगायचं. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढता येतं.

त्या पाण्याच्या रिपोर्टमध्ये काय काय बघतात?

आधी डोळ्यांनी बघतात. गवती पिवळं, गढूळ, रक्ताळ, की सरळ पू. सिरिंजमध्ये पू दिसला तर पुढच्या रिपोर्टची वाट न बघता नळी टाकायची, त्यात चर्चेला जागा नाही. सडका वास येत असेल तर हवेविना वाढणारे जंतू आहेत, हे लॅबच्या आधी नाकालाच कळतं.

मग प्रोटीन आणि एलडीएच (पेशींतून बाहेर पडणारं एक एन्झाइम). रक्तातले आकडे आणि पाण्यातले आकडे यांची तुलना करून पाणी सुजेमुळं झालंय की हृदय, लिव्हर, किडनीमुळं, हे ठरवतात. त्याचे निकष डॉ. रिचर्ड लाइट यांनी १९७२ साली मांडले आणि आजही जगभर तेच वापरतात. तुलनेसाठी त्याच दिवशीचं रक्त लागतं, म्हणून ‘पाणी दिलंय तर परत रक्त कशाला’ अशी कुरकुर करू नका.

निमोनियाचं पाणी असेल तर सर्वात निर्णायक आकडा पीएचचा, म्हणजे आम्लतेच्या मापाचा; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. तो ७.२ च्या खाली गेला तर पाणी अजून पातळ दिसत असलं तरी नळी लागते. ग्लुकोज ६० च्या खाली असेल तर त्याचाही अर्थ तोच. आतले जंतू आणि पांढऱ्या पेशी साखर खाऊन आम्ल तयार करत असतात. पीएच मात्र नाजूक तपासणी आहे. सॅम्पल हवेशी संपर्क येऊ न देता, हेपरिन लावलेल्या सिरिंजमधून, आयसीयूतल्या ब्लड गॅसच्या मशीनवर लगेच लावावं लागतं. सिरिंजमध्ये हवा राहिली तर आकडा खोटा वर जातो, बधिर करायचं औषध राहिलं तर खोटा खाली. दुपारी काढलेलं सॅम्पल संध्याकाळी पिशवीतून लॅबला नेलं, तर त्या पीएचला काही किंमत नाही. अशा वेळी ग्लुकोजवर भर द्यावा लागतो.

जंतूंसाठी कल्चर लावतात. पुष्कळदा त्यात काहीच उगवत नाही, कारण आधीच अँटिबायोटिक पोटात गेलेलं असतं. थोडं पाणी रक्ताच्या कल्चर बाटलीत घातलं तर जंतू सापडण्याची शक्यता वाढते.

एडीए (पाण्यातल्या एका एन्झाइमची तपासणी) वाढलाय म्हणजे टीबीच ना?

आपल्या भागात छातीतल्या पाण्याचं टीबी हे फार मोठं कारण आहे, त्यामुळं शंका रास्त. गवती रंगाचं पाणी, त्यात लिंफोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी जास्त, एडीए ४० च्या वर, पेशंट तरुण, महिनाभर बारीक ताप, वजन उतरलेलं, असं चित्र असेल तर टीबीचीच शक्यता मोठी. पण एडीए साध्या जंतूंच्या पुवातही भरमसाट वाढतो. पेशी कोणत्या आहेत हे न बघता नुसत्या एडीएच्या आकड्यावर सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झालेले पेशंट दिसतात, आणि आतला पू तसाच असतो.

उलटी चूकही होते. सीबीनॅट (टीबीच्या जंतूचे जनुक शोधणारी तपासणी) निगेटिव्ह आली म्हणून ‘टीबी नाही’ असं सांगून मोकळं होतात. आवरणाच्या टीबीत पाण्यामध्ये जंतू फार थोडे असतात, निम्म्याहून अधिक वेळा ही तपासणी त्यांना पकडत नाही. पॉझिटिव्ह आली तर खरी धरा. निगेटिव्ह आली तर बाकीचं चित्र बघा. शंका राहिलीच तर दुर्बिणीतून आवरणाचा तुकडा काढून तपासणं हा सर्वात भरवशाचा मार्ग.

अजून एक. खोकला-तापासाठी गावात लिव्होफ्लॉक्सासिनसारखी गोळी आठवडाभर दिली जाते. ती टीबीच्या जंतूवरही थोडीफार चालते. चार दिवस बरं वाटतं, निदान मात्र लांबतं. आधी कोणत्या गोळ्या घेतल्या त्याची पाकिटं घेऊन या, नुसतं ‘पांढरी मोठी गोळी’ सांगून काही कळत नाही.

टीबीचं पाणी असेल तर नळी लागते का?

बहुतेकांना लागत नाही. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, असा साधारण सहा महिन्यांचा कोर्स असतो. लघवी नारिंगी होते, घाबरू नका. डोळे पिवळे झाले, उलट्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी दाखवा. औषध सुरू केल्यावर काही आठवड्यांत पाणी थोडं वाढलेलं दिसू शकतं. तेवढ्यावरून औषध लागू पडत नाही असा निष्कर्ष काढून गोळ्या सोडू नका.

औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात. खासगीत उपचार घेत असलात तरी ‘निक्षय’ या सरकारच्या टीबी नोंदणी पोर्टलवर नोंद व्हायलाच हवी. पोषणासाठी महिन्याला मिळणारी ५०० रुपयांची मदत नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली आहे. ती थेट बँक खात्यात जमा होते, म्हणून खात्याचा तपशील बरोबर द्या.

टीबीचा खरा पू झाला असेल, तर मात्र नळी, कधी ऑपरेशन, आणि औषधाला दाद न देणाऱ्या टीबीची तपासणी, असं सगळं आलं. त्या घट्ट पुवात औषध पुरेसं पोचत नाही.

नळी टाकली की माणूस जगत नाही, असं आमच्यात म्हणतात.

नळी उशिरा टाकलेल्या माणसांकडं बघून पडलेली ही म्हण आहे. मोठ्या माणसांत हा आजार खरोखर जीवघेणा आहे. वय, किडनी, कुपोषण, इस्पितळातच लागलेला जंतू यांवर धोका अवलंबून असतो. लहान मुलांत मात्र वेळेत उपचार झाले तर मृत्यू फार क्वचित होतो. दोघांतही पू आत ठेवून नुसत्या अँटिबायोटिकवर अवलंबून राहणं जास्त धोक्याचं. पुवात रक्तप्रवाह नाही, आम्लता जास्त, त्यामुळं जेंटामायसिन, अमिकासिनसारखी इंजेक्शनं तर तिथं जवळपास निकामी ठरतात.

नळी काखेच्या खाली, बरगड्यांच्या मधून, जागा बधिर करून टाकतात. हल्ली पेनाच्या रिफिलपेक्षा थोड्या जाड, बारीक नळ्याही वापरतात. त्या कमी दुखतात आणि पुष्कळांना पुरतात, फक्त अधूनमधून सलाइननं धुवाव्या लागतात.

नळीच्या बाटलीची काळजी कशी घ्यायची?

रात्री नातेवाईकच जवळ असतो, म्हणून हे नीट वाचा. बाटलीत पाणी असतं आणि नळीचं टोक त्या पाण्यात बुडालेलं असतं. आतली हवा-पू बाहेर येतो, बाहेरची हवा आत जात नाही. श्वासाबरोबर नळीतली पातळी वरखाली हलते, ती हलायलाच हवी. हलणं अचानक थांबलं तर नळी दुमडली किंवा तुंबली असेल, सिस्टरना सांगा.

बाटली कायम छातीच्या खाली. पेशंटला एक्स-रेला नेताना वॉर्डबॉय बाटली त्याच्या पोटावर ठेवतो, तेव्हा गप्प बसू नका. बुडबुडे येत असताना नळी चिमट्यानं बंद करायची नाही, दुसऱ्या हॉस्पिटलला हलवतानाही नाही. मिरजेला, बेळगावला, पुण्याला अँब्युलन्समधून नेताना ‘सांडेल’ म्हणून चिमटा लावून देतात. बंद नळीमागं हवा साठून रस्त्यातच जीव जाऊ शकतो. नळी छातीतून निसटली तर त्या भोकावर स्वच्छ गॉज दाबून धरा आणि ओरडून बोलवा.

आणि पेशंटला झोपवून ठेवू नका. बाटली हातात खाली धरून वॉर्डात फेऱ्या मारायच्या.

पू आहे तर छाती उघडून एकदाच धुऊन का टाकत नाहीत?

हा प्रयोग शंभर वर्षांपूर्वी झालाय. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत अमेरिकन लष्कराच्या छावण्यांत हजारो जवानांना निमोनियापाठोपाठ छातीत पू झाला. सर्जन लगेच बरगडीचा तुकडा काढून छाती उघडी करत, आणि शेकड्यात तीसच्या आसपास जवान दगावत. पू पातळ असताना फुप्फुस अजून बरगड्यांना चिकटलेलं नसतं; छाती उघडली की हवा आत शिरते आणि फुप्फुस दबून बसतं. अमेरिकन सर्जन इव्हार्ट्स ग्रॅहम यांचा सहभाग असलेल्या लष्करी आयोगानं हे दाखवून दिलं आणि सांगितलं की सुरुवातीला बंद पद्धतीनं, हवा आत जाऊ न देता पू काढा, आणि माणसाला नीट खाऊ घाला. मृत्यूचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं. तुमच्या कॉटखाली जी बाटली आहे ती त्याच विचाराची.

मग ऑपरेशन कधी?

नळी आणि योग्य अँटिबायोटिक देऊन पाच-सात दिवसांत ताप उतरला नाही, आत कप्पे शिल्लक आहेत, फुप्फुस फुलत नाही, तर सर्जनला बोलवायलाच हवं. मधला एक मार्ग आहे. नळीतून जाळी विरघळवणारी औषधं सोडायची. नुसत्या स्ट्रेप्टोकायनेजचा मोठ्यांत फायदा होत नाही, हे २००५ च्या मोठ्या ब्रिटिश अभ्यासात दिसलं. अल्टेप्लेज आणि डीएनएज या जोडीनं मात्र ऑपरेशनची गरज कमी होते, हे २०११ मध्ये दिसलं. जोडी महाग आहे आणि रक्तस्रावाचा धोका थोडा असतो. म्हणून ती कोणाला द्यायची ते खर्च आणि प्रकृती दोन्ही बघून ठरवावं लागतं.

काकवीच्या अवस्थेत दुर्बिणीचं ऑपरेशन छान जमतं. दोन-तीन छोट्या छिद्रांतून जाळ्या मोडायच्या, पू धुवायचा, फुप्फुस फुलतंय ते डोळ्यांनी बघायचं. कवच जाड झालं असेल तर छाती उघडून ते सोलावं लागतं. त्याला डीकॉर्टिकेशन म्हणतात. ते कित्येक तास चालू शकतं, रक्त लागतं, आणि नंतरचं दुखणं खरंच जास्त असतं. फार अशक्त, भूल न सोसणाऱ्या पेशंटला बरगडीचा छोटा तुकडा काढून पू बाहेर पडायला कायमची वाट करून देतात आणि महिनोन्महिने ड्रेसिंग करतात. ते कोणाला आवडत नाही, पण त्यानं माणसं जगतात.

‘अजून आठ दिवस औषधानं बघू’ असं म्हणणाऱ्याला मी एकच विचारतो: आठ दिवसांनी काय बदललेलं असेल? बहुतेक वेळा कवचाची जाडी.

हे सगळं कोल्हापुरात होतं का, की पुणे-मुंबई गाठायची?

सोनोग्राफी, सुई, नळी यासाठी कुठंही धावायची गरज नाही. छातीचे सर्जनही शहरात आहेत. सीपीआर हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. सुरुवात तिथून करता येते. खासगीत जाणाऱ्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी ॲडमिट होतानाच करावी. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि छातीच्या बऱ्याच शस्त्रक्रिया त्यात बसतात. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याच्याकडं पहिल्याच दिवशी जा, बिल झाल्यावर नको. ऊसतोडीला बीड-धाराशिवकडून आलेल्या मंडळींचं रेशनकार्ड गावाकडं राहिलेलं असतं. फोटो मागवून घ्या आणि आरोग्यमित्राला दाखवा.

फुप्फुसाच्या आतच पू झालाय म्हणतात. त्यालाही नळी?

उलट. त्याला लंग ॲब्सेस म्हणतात आणि बहुतेक वेळा तो चार-सहा आठवड्यांच्या अँटिबायोटिकनं बरा होतो. पू श्वासनलिकेतून खोकल्यावाटे बाहेर पडतो, वाटीभर घाण वासाचा बेडका पडतो. कुशी बदलून झोपवणं आणि पाठीवर थापटणं उपयोगी. दारूच्या नशेत किंवा फिट आल्यावर तोंडातली घाण श्वासात जाते, तिथून हे सुरू होतं. म्हणून दातांच्या डॉक्टरांकडंही जायचं. पन्नाशीपुढच्या बिडीवाल्याला झाला असेल तर मागं गाठ नाही ना, हे बघणं आलंच.

उजव्या बाजूला चॉकलेटी पू निघाला. लिव्हरचं काहीतरी म्हणतात.

अमीबामुळं लिव्हरमध्ये झालेला पू पोट आणि छातीमधला पडदा फोडून छातीत आलेला असू शकतो. हे ऐकायला भयंकर वाटतं, पण मेट्रोनिडाझोल आणि नळी यांना चांगली दाद देतं. पोटाची सोनोग्राफी सोबत करतात ती यासाठी.

मेंढरं पाळणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात पाण्याची गोल गाठ दिसली. सुई घालायची का?

घाईनं नाही. हायडॅटिड असू शकतं. कुत्र्याच्या विष्ठेतून येणारा हा जंत मेंढ्यांत आणि माणसांत गाठी करतो. गाठ फुटली तर जोराची ॲलर्जी येऊन जीव धोक्यात येतो, आणि अंश पसरून नव्या गाठी होतात. आधी खात्री, मग सर्जन. धनगर वाड्यावरच्या पेशंटनं मेंढरांचा आणि कुत्र्यांचा उल्लेख जरूर करावा.

दाढ दुखत होती, गळा सुजला आणि आता छातीत इन्फेक्शन उतरलंय. असं होतं का?

होतं, आणि या पानावरचा हा सर्वात घाईचा प्रश्न आहे. दाढेचा पू मानेतून दोन्ही फुप्फुसांच्या मधल्या जागेत उतरतो, जिथं हृदय, अन्ननलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. तोंड उघडेना, गिळता येईना, हनुवटीखाली दगडासारखी सूज, ताप, छातीत दुखणं, असं असेल तर १०८ बोलवा. इथं दिवस नव्हे, तास मोजायचे. जोराच्या उलट्यांनंतर अचानक छाती फाटल्यासारखं दुखलं तर तेही याच घाईत. अन्ननलिका फाटलेली असू शकते, आणि ते हार्ट ॲटॅक किंवा ॲसिडिटी समजून सोडून दिलं जातं. काटा, हाडूक अडकल्यावर वरून केळी आणि भाताचे गोळे ढकलत बसू नका.

मुलगी चार वर्षांची आहे. तिलाही ऑपरेशन करावं लागेल का?

बहुतेक मुलं नळी आणि नळीतून सोडलेल्या औषधावर बरी होतात. काही ठिकाणी थेट दुर्बिणीचं ऑपरेशन करतात, दोन्ही रास्त. मुलांचं फुप्फुस आश्चर्य वाटावं इतकं भरून येतं. फोटो नीट दिसायला काही महिने जातात, तोवर दर आठवड्याला फोटो काढायचा हट्ट नको. सरकारी लसीकरणातली न्यूमोकोकल लस सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने अशी मिळते. धाकट्याची राहिली असेल तर विचारा.

खायला काय द्यायचं? तांबडा-पांढरा चालेल?

चालेल. पुवाबरोबर शरीरातलं प्रोटीन वाहून जातं, ते भरून काढायचं असतं. मात्र रश्शात प्रोटीन थोडं, ते मटणाच्या तुकड्यांत आहे. नुसता रस्सा पाजून ‘ताकद दिली’ असं समजू नका. अंडी, दूध, डाळ, उसळ, मासे, जे पचेल ते. शाकाहारी घरात पनीर, शेंगदाणे. दही, केळी, गार पाणी यानं छातीत पाणी वाढत नाही. तोंडावाटे प्यायलेलं पाणी तिथं जातच नाही. दूधकट्ट्यावरचं धारोष्ण दूध मात्र आजारपणात नको, उकळूनच द्या. डायबेटिस असेल तर साखर ताब्यात आल्याशिवाय पू आटत नाही, मग इन्सुलिनला नाही म्हणू नका.

अँटिबायोटिक किती दिवस?

दोन ते सहा आठवडे, बहुधा तीन-चार. आधी शिरेतून, मग गोळ्या. ताप गेला म्हणून घरी आल्यावर सोडायचं नाही.

तालीम, पोलीस भरतीची तयारी पुन्हा कधी?

चालणं पहिल्या दिवसापासून. रंकाळ्याला हळूहळू फेऱ्या, तीन गोळ्यांचं फुंकायचं-ओढायचं यंत्र तासातासाला. खांदा आखडू देऊ नका. दुखतं म्हणून हात पोटाशी धरून बसलेली पोरं पुढं वाकडी होतात. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर धावणं काही आठवड्यांत, छाती उघडली असेल तर वजन उचलणं आणि कुस्ती निदान दोन-तीन महिने नाही, तेही फोटो आणि फुंकण्याची तपासणी बघून. फोटोत आवरणाची जाडी दीर्घकाळ दिसू शकते. ती जुनी खूण आहे, चालू आजार नव्हे. भरतीच्या मेडिकलला ती लपवू नका, डिस्चार्ज कार्ड आणि आताचा रिपोर्ट सोबत न्या. निर्णय बोर्डाचा.

कोणते कागद जपून ठेवायचे?

पहिला आणि शेवटचा एक्स-रे, सीटीची सीडी, पाण्याचे सगळे रिपोर्ट, कल्चर, तुकड्याचा रिपोर्ट, ऑपरेशनची नोट, निक्षयचा नंबर. मोबाईलवर फोटो काढताना एक्स-रे खिडकीच्या उजेडाकडं सरळ धरा आणि त्यावरची तारीख व ‘एल’-‘आर’ची खूण फोटोत येऊ द्या.